चालत गेलेलं खत

आमच्या घरातलं भात शिमग्याला संपायचं. भूक मात्र पावसाळ्यापर्यंत पुरायची. मधले महिने रानातल्या कंदांवर आणि दुसऱ्याच्या लाकूडतोडीवर काढायचे. म्हणून शेतकी कॉलेजातून पदवी घेऊन मी गावी, शेणव्याला परतलो (घराण्यातला पहिलाच पदवीधर! हे मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही) आणि बाबांना म्हणालो, "भात निघालं की ओहोळाकाठच्या तुकड्यात मका लावू. उन्हाळाभर भाकरी!"

"तो गुरांच्या चाऱ्याचा तुकडा हाय रे. मका नाय पिकला तर गुरां नि आपण, दोगंबी उपाशी."

पण तुकडा दिला.

त्याच्या खालचं शेत धोंडूकाकांचं, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाचं. ते बांधावरून ओरडले, "कालेजात काय झालास म्हनं?"

"बी. एजी.!"

"बी झालास? मंग उगवतोस काय ते बगू!"

आणि इरेला पडून त्यांनीही मका टाकला, नुसत्या शेणखतावर.

मी खर्डी स्टेशनावरून सल्फेटची दोन पोती बैलगाडीत घालून आणली. पांढरंशुभ्र खत! (आईने मिठाची बरणी ताबडतोब माळ्यावर नेली.) मका गुडघाभर झाल्यावर एक अख्खं पोतं मी एकदम फेकलं आणि ओहोळाचा पाट फोडला. पाणी द्यावं, असं पुस्तकात होतं. पुरे कधी करावं, तेही असणार. पण उत्साही माणूस पान उलटत नाही! चार दिवसांत शेतात बेडूक नांदायला आले.

"बाबू, मका हाय तो, भात नाय!" बाबा म्हणाले.

"खत विरघळायला नको का?"

खत विरघळलं. मका मात्र कावीळ झाल्यासारखा पिवळा पडला. आणि खाली काकांचा मका? हिरवा काळाभोर! माणूस आत शिरला तर हाका मारून शोधावा लागेल, असा!

"बी सडला वाटतं!" काका रोज विचारपूस करू लागले.

शेवटी मी बांध धरून चालत गेलो. जिथे आमचं पाणी बांध फोडून काकांकडे उतरत होतं, नेमकी तिथूनच हिरवाई सुरू होत होती.

"काका! हे माझं खत आहे!"

"मी बोलावला काय त्याला? आपल्या पायानं आला!"

"पाण्यानं नेलं!"

"मंग पानी कोनी सोडला?"

बाबा मागे उभे राहून गुरांकडे बघत होते, ते जास्त लागलं.

मी पाट बंद केला. जमीन वाफशावर आल्यावर, म्हणजे चिखल सुकून माती मोकळी झाल्यावर, खुरपणी केली. उरलेलं पोतं चिमटी-चिमटीने मक्याच्या प्रत्येक ताटाच्या बुडाशी मातीत गाडलं. दुपारी पानं वळू लागली की तेवढंच हलकं पाणी, बांधाच्या आत जिरेल इतकं. मका हळूहळू हिरवा झाला, मग तुरा आला, मग दाढीवाली कणसं!

काका बांधावर आले. "बाबू, हल्ली वरून काय येत नाय! शिकलासवरलेला पोर असा चिकट कसा रे?"

बाबा इतके हसले की त्यांच्या हातातलं कणीस खाली पडलं.

त्या साली पहिल्यांदाच आमच्या घरात पावसाळ्यापर्यंत भाकरी पुरली. काकांच्या घरात दिवाळीपर्यंत!