मोरेकाका ठाण्यात बसायचे

मला माणसांत आणलं ते मोरेकाकांनी. ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनीत त्यांचं स्कूटर दुरुस्तीचं दुकान होतं. काकांना जाऊन महिना झाला, आणि मी अजून चिडलेलाच आहे… नक्की कुणावर, ते नीट सांगता येत नाही.

मी विट्याकडचा. नववीत शाळा सोडली आणि सोनं गाळायच्या दुकानात कामाला म्हणून ग्वाल्हेरला आलो. इथे ओळख ना पाळख. ज्यांनी पहिल्यांदा ‘भाई’ म्हटलं, त्यांच्याच टोळीत शिरलो. एका मारामारीनंतर पोलिसांनी इंदरगंजच्या चौकातून उचललं, तेव्हा शेठने हात वर केले. काका ठाण्यात दुसऱ्याच एका पोरासाठी आले होते. माझं ‘आई गं’ ऐकून वळले. “कुठला रे तू?” विट्याचा, म्हटलं. “मग मार खायला इतक्या लांब आलास? तिकडे मिळत नव्हता?”

त्यांची रीतच ती. पोरगा पकडला गेला की डबा घेऊन ठाण्याच्या बाकावर जाऊन बसायचं. वाद नाही, वशिला नाही. टीआय साहेब, म्हणजे ठाण्याचे इन्स्पेक्टर, वैतागायचे, “दादा, घर जाओ.” काका म्हणायचे, “जाऊंगा ना, लडके को लेकर.” बाहेर आल्यावर मात्र आम्हाला ऐकवायचे, “तुमच्यापायी माझी कंबर गेली. उद्या नऊला दुकानात दिसला नाहीस तर बघ!”

शोकसभेत सिटी सेंटरच्या बंगल्यांतली मोठी मंडळी बोलली, काकांचं काम थांबू देणार नाही म्हणून. पुढच्याच आठवड्यात एका भांडणावरून पोलिसांनी बंटीला उचललं. टोळी सोडून काकांच्या हाताखाली आलेला पोरगा, त्या भांडणात नव्हताच. मी त्याच मंडळींना फोन लावले. एक म्हणाले, “मी तर बाहेर आहे, तू बघून घे ना.” दुसरे म्हणाले, “ऐसे लडकों की गारंटी कौन ले?”

मग मीच ठाण्यात गेलो. तिथे माझंही नाव आहे. टीआय साहेब हसले, “तू आया है? तेरी गारंटी कौन लेगा?” मी काकांच्या बाकावर जाऊन बसलो. उठलो नाही.

संध्याकाळी बंटी सुटला… आणि दुकानाला कुलूप. काकांच्या मुलाला जागा विकायची आहे. बंद शटरसमोर बंटी म्हणाला, “आता मी कुठे जाऊ, भैया? टोळीवाले तर रोज बोलावून राहिलेत.”

सध्या तो माझ्या खोलीवर आहे. किती दिवस धरून ठेवता येईल, देव जाणे. काका, तुमचे उपकार आज फेडता येत नाहीत. पण एक दिवस याच छावनीत मी दुकान टाकीन, आणि बंटीसारख्यांना नऊ वाजता यायला जागा देईन. तेव्हा फेडीन.