फटीखालची चादर

आमच्या वन्सं, म्हणजे यांची धाकटी बहीण. वय पन्नास. लग्न केलं नाही, वटवाघळं केली. खेडोपाडी हिंडून ती मोजायची, जाळीत धरून तोलायची, पंख मापून सोडून द्यायची. मेलेलं सापडलं तर बाटलीत घालून त्यांच्या संशोधन संस्थेत पाठवायचं. माहेरी येतात तेव्हा पिशवीत कपडे दोन आणि बाटल्या नऊ.

या खेपेला त्यांची नजर आमच्या कोठारावर होती. भिंतीतल्या खोल फटीत पाकोळ्या, म्हणजे बारकी वटवाघळं, राहतात असं त्यांचं म्हणणं. यांना ती फट बुजवायची होती. शेवटी बहीणभावात तह झाला: पुरावा मिळाला तर फट राहील, नाहीतर गवंडी येईल. वन्संनी फटीखाली पांढरी चादर अंथरली; कशाला, ते मला कोणी सांगितलं नाही. रोज दुपारी ती बघायच्या आणि लांबच्या गुहेवर मोजणीला निघून जायच्या.

मी पहाटे उठते. अंघोळ, नामस्मरण, मग झाडलोट. पाहुणीच्या चादरीवर काळ्या लेंड्या मला कशा बघवणार? रोज झटकली, कोपऱ्याला कोपरा जुळवून पुन्हा घातली. वर देवाला सांगितलंही, ‘बघ, कोणाला न सांगता करतेय.’

आज जेवताना वन्सं म्हणाल्या, “वहिनी, आठ दिवस झाले, चादर कोरी. गेल्या बहुतेक.”

“तरी मी म्हणत होतो,” हे खुलले. “गवंड्याला उद्या सकाळचं सांगूनच ठेवलंय.”

माझा घास तोंडात फिरू लागला. खरं लिहिते, पहिला विचार आला तो असा: गप्प बसले तर घाण कायमची टळेल. लगेच दुसरा: देवाचीच इच्छा असेल. माझ्या आळसाला मी नेहमी देवाची सही घेते. पण आत जिवंत जीव आणि वरून सिमेंट? घास गिळला.

“वन्सं, लेंड्या पडत होत्या. मी झटकत होते.”

“कधी?”

“रोज.”

“अगं, तुला सांगितलं कोणी?” हे ओरडले.

“तीस वर्षं या घरात कोणी काय सांगितलंय? न सांगताच करतेय.”

वन्संनी कपाळाला हात लावला. “टाकल्यात कुठे?”

“गुलाबाच्या आळ्यात.”

“चाळणी आणा. चहाची नको, पिठाची.”

माझी चांगली चाळणी! तरी आणून दिली. दोघी उकिडव्या बसून माती चाळत राहिलो. वन्संनी एक लेंडी चिमटीत चुरली. आत किड्यांच्या पंखांची चमचम. “उंदराची अशी चुरत नाही,” म्हणत त्यांनी तळहात भावाच्या नाकाखाली धरला. हे दोन पावलं मागे सरले आणि गवंड्याला नको म्हणून कळवून आले.

आठ दिवसांची मोजणी मात्र गेली ती गेलीच. वन्संच्या तक्त्यात ‘अडथळा’ असा रकाना असतो; मांजर, साप, वादळ असं काहीबाही भरतात. आठही ओळींत त्यांनी लिहिलं, ‘वहिनी’.

“अहो, संस्थेतले लोक वाचतील!”

“मग काय लिहू? प्रौढ मादी, पहाटे सक्रिय?”