मासळी बाजारात उघडलं माझ्या ब्लॉगचं पान

मंडळी, आज माझ्या ब्लॉगची भर बाजारात शोभा झाली, आणि तरी मी खूश आहे!

सकाळी नेरूळच्या मासळी बाजारात माझ्या नेहमीच्या मासळीवाल्या शेवंतामावशींना तोऱ्यात सांगितलं, "तुमच्या बोंबलाच्या कालवणाची रेसिपी ब्लॉगवर टाकलीय." त्यांनी हात पुसून आपला जुना फोन पुढे केला. "दाव बगू."

पान उघडेना. मावशींनी माझे सहा बोंबील साफ करून पिशवीत भरले, तरी स्क्रीनवर ते गोल चक्र फिरतच होतं. मोबाइलच्या सर्चमध्ये माझा ब्लॉग इतका खाली का दिसतो, ते तिथंच कळलं.

घरी येऊन कामाला लागले. अवाढव्य फोटो लहान केले, मध्येच उघडणारी जाहिरात काढली, अक्षरं मोठी केली.

संध्याकाळी पुन्हा गेले. मावशींनी कोयता हातात घ्यायच्या आत पान उघडलं! मी नाचायचीच बाकी राहिले. मावशी मात्र अंगठ्याने पान सरकवतच राहिल्या. माझं बालपण, माझं सासर, माझी पहिली चूल...

"पान लगेच उघडलं गो," त्या म्हणाल्या, "पन तू कालवनावर कदी येनार?"

आत्ताच चार परिच्छेद उडवलेत. तुम्ही तुमचं लिखाण कुणाच्या फोनवर तपासता?