घरास कुलूप, सबब परत

ज्यांना साऱ्या जगाने ओवाळून टाकलं, अशा माणसांचा आमच्या समोरच्या काकांइतका जवळचा स्नेही अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरा नव्हता. शहर जळत असताना वाद्य वाजवत बसलेला तो रोमचा सम्राट घ्या. काकांच्या मते तो त्या दिवशी गावातच नव्हता, आणि बातमी कळताच परत येऊन त्याने बेघर झालेल्यांसाठी आपल्या बागा उघडून दिल्या. अमेरिकेत विमान पळवून, खंडणीची बॅग अंगाला बांधून भर पावसात खाली उडी मारलेला आणि आजतागायत न सापडलेला एक इसम आहे. उडीच्या आधी त्याने आपल्या पेयाचे पैसे दिले आणि उरलेली मोड हवाई सुंदरीला ठेवून घ्यायला सांगितली, हे काका दर वेळी आवर्जून सांगत. "विमान पळवलं, पण बिल बुडवलं नाही," ते म्हणत, आणि जणू तो त्यांचा धाकटा भाऊ असावा तसे माझ्याकडे बघत. लंडनच्या गल्ल्यांत बायकांचे गळे कापणाऱ्या अज्ञात खुन्यापाशी मात्र ते हरले होते. "ह्याचं नावच माहीत नाही रे. मग घरी कसं जायचं?"

घरी जाणं हा त्यांचा धंदाच होता. काका कोर्टात बेलिफ होते. निफाडपासून नामपूरपर्यंत, बदली होईल तिथे, आयुष्यभर लोकांच्या दारी समन्स घेऊन गेले. माणूस कितीही बदनाम असला तरी त्याला घर असतं, घरात एखादी म्हातारी असते आणि ती समन्स बघायच्या आधी पाणी विचारते, यावर त्यांचा विश्वास बसला होता तो त्यामुळेच. मला कशावरच चटकन विश्वास बसत नाही. त्यांनी संध्याकाळी सांगितलेली गोष्ट मी सकाळी पुस्तकांत शोधत असे. निम्म्या खऱ्या निघत, निम्म्यांचा पत्ता लागत नसे. आणि पंचाईत अशी की, हमखास थाप वाटावी तीच खरी निघे. पुढे मी पैज लावायचं सोडून दिलं.

आमच्याकडे दशक्रियेला भाषणं करायची पद्धत आहे. घाटावर विधी आटोपले की माईक येतो, आणि मृताला दोनदाही न भेटलेले चार-पाच पुढारी कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण झाल्याचं जाहीर करून पुढच्या दशक्रियेला जातात. सज्जन माणसाचं यात निभावतं. पण गेलेला माणूस वाईट असला की पुढाऱ्यांचीही जीभ अडखळते, आणि मग लोक काकांकडे बघत. ज्याच्या प्रत्येक इमारतीत पावसाळ्यात बादल्या ठेवाव्या लागत, असा एक बिल्डर वारला, तेव्हा काका उठले आणि शांतपणे म्हणाले, "त्यांच्या स्वतःच्या घरातही गळत होतं. त्यांनी कधी भेदभाव केला नाही." बिल्डरच्या मुलाने डोळे पुसले.

अशा माणसांच्या यादीत माझे वडीलही होते. अण्णा तहसीलमधून कारकून म्हणून निवृत्त झाले आणि मग कॉलनीविरुद्ध अर्ज करू लागले. गच्चीवर पापड वाळले, अर्ज. मुलांचा चेंडू आला, अर्ज. समोरचे काका ओट्यावर मोठ्याने बोलतात, अर्ज. माझ्या लग्नाच्या मांडवाने रस्ता अडतो, अशी तक्रार खुद्द त्यांनीच केली होती. इथवर हसण्यासारखं आहे. घरात हसण्यासारखं नव्हतं. आईशी ते चूक दाखवण्यापुरतं बोलत, आणि एकदा भाजी करपली म्हणून पावसाळाभर तेवढंही बोलले नाहीत. ते गेले तेव्हा आई रडली नाही. तिने त्यांचे शर्ट घडी करून ठेवले. नऊ दिवस मावशा तिच्या कोरड्या डोळ्यांकडे बघून एकमेकींत कुजबुजत होत्या. दहाव्या दिवशी पिंडाला कावळा लगेच शिवला. अण्णांशी वाद नको, असा त्यानेही विचार केला असावा.

मग माईक आला आणि कोणीच उठेना. काका उठले.

"अण्णांचे अर्ज तुम्हाला सगळ्यांना माहीत आहेत," ते म्हणाले. "मलाही एक आलाय, जपून ठेवलाय." लोक हसले. "पण दर मंगळवारी सकाळी ते पेठ नाक्यावर जायचे, हे कोणाला माहीत नाही. सुरगाण्याकडचे मजूर जीपमधून उतरून कामाची वाट बघत बसतात ना, त्यांच्यात अण्णा बसायचे. त्यांचे अर्ज लिहून द्यायचे. रेशन कार्डाचे, पोरांच्या दाखल्याचे. कोणाचा चहासुद्धा घ्यायचे नाहीत. मला एकदा दिसले तर म्हणाले, घरी बोलू नका, भाजीला जातो म्हणून सांगून आलोय."

बायकांमधून आईचा आवाज आला. "म्हणून मंगळवारी उशीर व्हायचा," ती म्हणाली आणि रडू लागली. कितीतरी वेळ रडली.

त्या दिवसापासून आईला नवरा मिळाला. तिने त्यांचा फोटो मोठा करून घेतला. येईल त्याला ती नाक्याची गोष्ट सांगे, आणि दर खेपेला अण्णा थोडे अधिक उन्हात बसत. मला मात्र चैन पडेना. एका मंगळवारी आईला सांगून मी पेठ नाक्यावर गेलो. पुष्कळांना विचारलं. "आम्ही औंदाच आलो, दादा," एक जण म्हणाला. एक म्हातारी हसली. "लिहून घेणारे लय येत्यात, इलेक्शन आलं की." पांढऱ्या शर्टातला तिरसट म्हातारा कोणालाच आठवत नव्हता.

तिथून मी तडक काकांकडे गेलो. तेव्हा त्यांना दम लागू लागला होता. खिडकीशी उशीला टेकून बसत. मी म्हणालो, "काका, खरं सांगा. अण्णा नाक्यावर जात होते का?"

"वहिनी कशा आहेत?" त्यांनी विचारलं.

बरी आहे, मी सांगितलं. रडते अधूनमधून. जेवते नीट.

"हं," ते म्हणाले. श्वास घ्यायला थांबले. "समन्स घेऊन गेल्यावर कधी कधी घरात कोणी अगदीच टेकीला आलेलं असायचं. मग मी तसाच मागे फिरायचो आणि कागदावर लिहायचो, घरास कुलूप, सबब परत. साहेबांनी कधी विचारलं नाही. तूही विचारू नको."

घरी आलो तर आई दारातच उभी होती. भेटलं का कोणी, म्हणाली. मी सांगितलं, एक म्हातारा भेटला, सुरगाण्याचा, अण्णांचं अक्षर आठवतं म्हणाला. "अक्षर छानच होतं त्यांचं," आई म्हणाली आणि पानं घ्यायला आत गेली.

काका पुढल्या थंडीत गेले. आता आईही नाही, म्हणून हे लिहिता येतं आहे. काकांच्या दशक्रियेला गर्दी बेताची होती. पुढारी कोणी फिरकला नाही, आणि त्यांच्याविषयी वाईट बोलण्यासारखं काहीच नसल्यामुळे चांगलंही कोणाला सुचेना. एक जण म्हणाला, गप्पिष्ट होते. दुसरा म्हणाला, मनमिळाऊ होते. मग माईक माझ्याकडे आला. जगातल्या कुठल्याही बदनाम माणसाविषयी ऐकली नसेल अशी काकांची एक गोष्ट माझ्याजवळ होती आणि ती घाटावर फक्त मलाच ठाऊक होती. समोर पहिल्याच ओळीत, प्लास्टिकच्या खुर्चीवर, आई कान देऊन बसली होती.

"काका फार चांगले शेजारी होते," मी म्हणालो आणि खाली बसलो.

परतताना आईने रिक्षाला हात केला. बसल्यावर म्हणाली, "एवढंच बोललास? त्यांनी आपल्यासाठी केवढं सांगितलं होतं."