फिटरभाऊंचा पितळी व्हॉल्व्ह

फिटरभाऊंनी जोडलेला पाइप त्याच दिवशी कधी चिकटवला नाही. आधी सगळी जोडणी कोरडी करायची, प्रत्येक सांध्यावर पेन्सिलीने खूण करायची, पिशवी उचलायची आणि घरी निघून जायचं. सोल्यूशनचा डबा उघडायचा तो दुसऱ्या दिवशी. घाईतल्या माणसांचा जीव वर-खाली होई. "आज चिकटवलं तं चूक उद्या दिसते," भाऊ म्हणत, "आन चिकटलेली चूक मंग करवतीनंच निघते." सावली गावात त्यांचं खरं नाव माहीत असलेली माणसं थोडीच असतील. नळ, मोटर, टाकी, काहीही बिघडलं की फिटरभाऊ.

मी तिथल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होतो. माझं बालपण समुद्राकाठचं. वर्गातली मुलं धानाच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, वाढलेली. तारामासा त्यांनी फक्त फळ्यावर पाहिलेला, तोही मी काढलेला, आणि माझी चित्रकला पाहता तो न पाहिलेलाच बरा. म्हणून प्रयोगशाळेत खाऱ्या पाण्याची टाकी करायचं माझ्या मनाने घेतलं. पुष्कळ मिनतवाऱ्यांनंतर प्राचार्य तयार झाले, पण एका अटीवर: प्राणी मेले, तर टाकी उचलायची.

वर काचेची मोठी टाकी, खाली कपाटात दुसरी लहान टाकी. तिला संप म्हणतात. वरचं पाणी खाली सांडतं, तिथे स्वच्छ होतं आणि पंपाने पुन्हा वर जातं. स्वच्छ करणाऱ्या यंत्राचं नाव प्रोटीन स्किमर. ते पाण्यात बारीक बुडबुडे सोडतं. पाण्यातली चिकट घाण बुडबुड्यांना धरून फेसाबरोबर वर चढते आणि वरच्या पेल्यात साठते. हे मी आकृती काढून अर्धा तास समजावलं. भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे डाळीवरचा फेस काढते तसं," ते म्हणाले. "आन हे खालचं टाकं म्हंजे वरच्या बांधीतलं पाणी खालच्या बांधीत. पण सर, लाइन गेली तं?"

वीज गेली, पंप थांबला, की वर जाणाऱ्या पाइपातूनच वरची टाकी उलटी खाली रिकामी होणार आणि संप भरून पाणी फरशीवर येणार. माझ्या सुबक आकृतीत याचा विचारच नव्हता. भाऊंनी त्या पाइपाला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली बारीक भोक पाडलं. पातळी तिथवर उतरली की पाइपात हवा शिरते आणि पाण्याची ओढ तुटते. आठवी शिकलेल्या माणसाने एम. एस्सी.ची अब्रू राखली.

समुद्र त्यांनी पाहिला नव्हता. टाकीत मिठाचं पाणी तयार झालं तेव्हा त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं, तोंड वाकडं केलं आणि बराच वेळ काचेकडे पाहत राहिले. "याच्यात कोणी जित्तं कसं राहत असन जी?" त्यानंतर ते आमच्याकडचं काम नसतानाही डोकावून जाऊ लागले.

स्किमरमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या पाइपावर एक व्हॉल्व्ह लागतो. तो कमी-जास्त फिरवून फेसाची उंची ठरवतात. प्लास्टिकचा व्हॉल्व्ह नागपूरहून यायचा होता, तो आला नाही, आणि प्राणी सोमवारी येणार होते. चिकटवायच्या दिवशी भाऊंनी पिशवीतून एक फडकं काढलं. आत नवाकोरा पितळी व्हॉल्व्ह होता, जड आणि लखलखीत. स्वतःच्या घरच्या टाकीसाठी त्यांनी तो कधीपासून जपून ठेवला होता. "घरचं काम काय, होत राह्यते," ते म्हणाले. "हे पोराईच्या कामाचं हाय. इथी चांगलाच माल लागला पायजे."

इथे मी बोलायला हवं होतं. पितळेत तांबं असतं, ते खाऱ्या पाण्यात उतरतं आणि झिंग्यांसारख्या जिवांना विष होतं, हे मला ठाऊक होतं. मी ते दरवर्षी शिकवत होतो. पण भाऊंच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून माझी जीभ रेटेना. एवढ्याशा पितळेने काय होतंय, अशी मी मनाची समजूत घातली. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ते खोटं नाही.

आठवड्याभरात दोन्ही झिंगे मेले. मग तारामासा गळून मेला. समुद्रफूल मिटलं ते उघडलंच नाही. पट्ट्यापट्ट्यांचे दोन मासे तेवढे वाचले. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर प्राचार्यांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "फिटरने पितळेचा व्हॉल्व्ह टाकला." शब्दन्‌शब्द खरा होता. टाकी वाचली, मला दुसरी संधी मिळाली आणि मी सुटकेचा श्वास टाकला.

गाव लहान. संध्याकाळपर्यंत ती गोष्ट चहाच्या टपरीवर पोचली. फिटरभाऊंनी कॉलेजचे मासे मारले. एका डॉक्टरांनी दवाखान्याच्या कामाला जवळच्या मूल गावाहून दुसरा माणूस आणला. एका दुकानदाराने भाऊंना तोंडावरच विचारलं, "काऊन भाऊ, आमच्या टाकीत तं जहर नाई टाकलं?" ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत, असं मला सांगणाऱ्याने सांगितलं.

रविवारी ते स्वतःच आले. बसने चंद्रपूरला जाऊन प्लास्टिकचा व्हॉल्व्ह घेऊन आले होते. पितळी व्हॉल्व्ह कापून काढला. त्याच्या तोंडावर हिरवट थर चढला होता. तो हातात धरून म्हणाले, "ताक पितळेत कळकते, हे मले मालूम. खाऱ्या पाण्याचं मालूम नोतं. माह्या हातानं मेले, सर." नवी जोडणी नेहमीप्रमाणे कोरडी करून ते गेले. त्या दिवशीही मी गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी ते चिकटवायला आले, तेव्हा मी एका दमात सांगून टाकलं. "भाऊ, मला माहीत होतं. तुम्ही व्हॉल्व्ह काढलात तेव्हाच माहीत होतं."

त्यांचे हात थांबले. सांध्यावरचं ओघळलेलं सोल्यूशन त्यांनी फडक्याने पुसलं, पुन्हा पुसलं. मग म्हणाले, "मालूम होतं तं सांगाले पायजे होतं, सर." आणि थोड्या वेळाने, "आता बटन दाबा."

पाणी सगळं बदललं. नवे झिंगे आले, नवा तारामासा आला, आणि जगले. भाऊ पंधरा दिवसांनी येऊन स्किमरचा पेला बघून जात. त्यात काळपट घाण साठलेली दिसली की समाधानाने मान हलवत. त्या गोष्टीचा त्यांनी पुन्हा उच्चार केला नाही. मीही स्टाफरूममध्ये उभं राहून खरं सांगायचं उद्यावर ढकलत राहिलो. हळूहळू गावातली कामं त्यांच्याकडे परत आली, काही आलीच नाहीत. आता सांगून काय उपयोग, असं मला वाटू लागलं. भित्र्या माणसाला असं वाटायला वेळ लागत नाही.

धान कापणीच्या दिवसांत भाऊ गेले. सकाळी मोटर बसवायला निघाले आणि अंगणातच कोसळले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला विहाराजवळच्या मांडवात सगळा मोहल्ला आणि निम्मं गाव होतं. वंदना झाली. एकेक जण उठून दोन शब्द बोलू लागला. माझी पाळी आली. मी सगळं सांगितलं. टाकीतले प्राणी फिटरभाऊंनी मारले नाहीत, ते माझ्या गप्प बसण्याने मेले. आणि बोल मात्र त्यांना लागला. पहिल्या रांगेत ते डॉक्टर मान खाली घालून बसले होते.

निघताना भाऊंच्या पत्नीने, वहिनींनी, मला मांडवाच्या दाराशी थांबवलं. रडून त्यांचा आवाज बसला होता.

"सर, तुमी असं काऊन बोलले सर्वाईसमोर? ते तं घरी आमाले सांगत होते, सरले कोणी काई म्हणू नका. सरले बिचाऱ्याले मालूमच नोतं."

मी स्वतःच्या तोंडाने भाऊंना खरं सांगितलं, त्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं.