गोजराबाईंचं पपनस

पाम गाव मागे पडलं तरी गोजराबाई थांबायचं नाव घेईनात. डोक्यावर पाण्याचा हंडा, पदर कमरेला खोचलेला. मागून वत्सलाबाई छत्री काखेत मारून जवळजवळ धावतच होत्या. त्या पामच्या शाळेत शिकवत. श्रावणी सोमवारची अर्धी सुट्टी, म्हणून आज सोबतीला निघाल्या होत्या.

"मावशी, जरा दम खा. झाड काय पळून जातंय?"

"झाड नाय पळत बाई, दिवस पळतात. ह्या आठवड्यात तिकडची वाट बंद करणार हायेत."

समुद्राकाठची त्यांची वाडी सरकारी कामासाठी गेली होती. घरं हलली, कौलंसुद्धा गाडीतून पामपलीकडच्या नव्या जागेत आली. मागे राहिलं ते सासूने लावलेलं पपनस. आतून गुलाबी, चवीला मध. गणपतीपुढे साऱ्या आळीत त्याच झाडाचं फळ असायचं. पण बी लावून ती गोडी उतरत नाही. दीर महादूने लावून बघितलं होतं. कैक वर्षं वाट पाहून फळ आलं ते इतकं आंबट, की पोरांनी त्याचे चेंडू केले.

म्हणून पावसाच्या तोंडाशी गोजराबाईंनी दोन फांद्यांची साल गोल सोलली, माती-शेण थापलं, वरून गोणपाट आवळून बांधलं. याला गुटी बांधणं म्हणतात. आत मुळं सुटली की फांदी कापून लावायची. पण ऐन श्रावणात पावसाने दडी मारली आणि वाडीतली विहीर तर आधीच बुजवलेली. तेव्हापासून रोज टँकरवरून भरलेला हा हंडा.

वाटेत महादूच सायकलवरून समोर आला.

"वहिनी, अजून पाजताय त्या लाकडाला? बाजारातून रोप आणा नि मोकळ्या व्हा!"

"तुमच्या चेंडूंपरीस माजं लाकूड गोड हाय, भावजी. व्हा पुढं."

वाडीत आता नुसती जोती उरली होती. गोजराबाईंनी हंडा उतरवला आणि पहिली गुटी चाचपली. रोजचं पाणी पिऊनही गोणपाट कोरडं ठाक, आतली फांदी काळी पडलेली. त्या दुसऱ्या गुटीकडे वळल्या. गोणपाटाच्या विणीतून पांढरी मुळं बाहेर डोकावत होती.

"देवा रे!" वत्सलाबाईंचे हात आपोआप जुळले.

गोजराबाईंनी पदराच्या गाठीतलं कुंकू म्हाताऱ्या बुंध्याला लावलं आणि मग कोयता चालवला. हंड्यातलं थोडं पाणी गुटीवर शिंपडलं. उरलेलं सगळं जुन्या झाडाच्या बुडाशी ओतलं.

परतताना त्यांनी ती फांदी तान्ह्या पोरासारखी छातीशी धरली होती. वत्सलाबाईंनी रिकामा हंडा घेतला. पाममध्ये वत्सलाबाईंचं घर आलं, तशा गोजराबाई परसातल्या विहिरीकडे बघत उभ्या राहिल्या. कुणाकडे मीठसुद्धा न मागणारी बाई.

"बाई, माज्या नव्या जागेत नुस्ता मुरूम. विहीर खणतोय, पन पाणी नाय लागलं अजून. ह्ये एवढं तुमच्या विहिरीच्या कडंला लावू द्याल?"

"अहो, लावा की! मी घालीन रोज पाणी."

"नाय नाय. पाणी मीच घालणार. तुमी फक्त सकाळचं परसाचं दार उघडं ठेवा."