द्राक्षासव कुणी लिहिलं?

दत्तूभाऊ आयुष्यात एकदाच खोटं बोलले, आणि त्याबद्दल मी अजून त्यांच्यावर चिडलेली आहे.

परवा ते गेले.
चिडणं आहे तिथेच आहे.

कोपरखैरण्याच्या आमच्या जुन्या सोसायटीत काही जण अजूनही त्यांना 'तो फसवणारा ड्रायव्हर' म्हणतात. ते चूक आहे. पोस्ट लांबलीय, पण शेवटपर्यंत वाचा.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. दत्तूभाऊ मूळचे साताऱ्याकडचे. आधी तुर्भ्याच्या मार्केटात कांद्याचा टेम्पो चालवायचे, मग मॅटाडोर घेतली आणि सोसायट्यांच्या सहली काढायला लागले.
गाडी त्यांची. नोटीस, यादी आणि लोकांच्या मिनतवाऱ्या माझ्याकडे.

माझ्या लग्नाला तेव्हा तीन वर्षं झाली होती. घराबाहेर माझं म्हणून जे काही होतं, ते एवढंच.

आणि माणूस म्हणजे डोक्याला ताप हो!

सीझन सोडून कुठे न्यायचे नाहीत. थंडीत स्ट्रॉबेरी, मेमध्ये करवंदं, पावसात धबधबे. मेमध्ये धबधबा दाखवा म्हणणाऱ्या दोन बायकांना तोंडावर "नळाखाली बसा" म्हणाले होते. त्या दोघी परत कधी आल्या नाहीत. माणसं मी जमवायची आणि हे तोडणार.

ज्याला गाडी लागते त्याला पुढच्या सीटवर बसवायचे आणि घाटातल्या दर वळणावर मोठ्यांदा विचारायचे, "पोट बरं हाय का?"
ज्याला मळमळत नव्हतं त्यालाही मळमळायला लागायचं.

एका फेब्रुवारीत म्हणाले, "वैनी, माळशेज चढून गेलं की द्राक्षाचे मळे हायत. तिकडं एक वाइनचा कारखाना हाय. आतनं दाखवत्यात."

मला तर जायचंच होतं. पण नोटीस लावायची कशी? आमचे चेअरमन आण्णा मोहिते माळकरी. माझ्या सासूबाई त्यांच्या वरताण.

"सरळ वाइन लिवा," दत्तूभाऊ म्हणाले. "न्हाई आलं कुनी तर न्हाई आलं."

"तुम्ही गाडी चालवा. नोटीस मी लिहिते."

आणि मी लिहिलं: द्राक्षमळे आणि द्राक्षासव कारखाना.

फार हुशारी वाटली होती तेव्हा स्वतःची. द्राक्षासव म्हणजे आयुर्वेदिक औषध, त्याची बाटली घरोघरी असायची. आण्णा तर रोज जेवणानंतर दोन चमचे घ्यायचे. यादीत पहिलं नाव त्यांचंच लागलं.
मी ठरवलं होतं, तिथे पोचलं की आण्णांना हळूच सांगायचं आणि त्यांना नि सासूबाईंना मळ्यातच थांबवायचं. पण मी सासूबाईंना गाडीतून उतरवत होते, तेवढ्यात ते पुढे गेले.

आत जाऊन बघते तर आण्णांच्या हातात ग्लास. अर्धा रिकामा.

ग्लास देणाऱ्या माणसाला ते समजावत होते, "अहो, एवढं नसतं घ्यायचं. दोन चमचे, आणि तेवढंच पाणी. आणि जेवणाआधी कसलं देताय?"

"काका, वाइनमध्ये पाणी नाही घालत," तो म्हणाला.



आण्णांनी ग्लास खाली ठेवला. गळ्यातली माळ काढली, रुमालात गुंडाळली आणि खिशात ठेवली.  तो रुमाल आठवला की मला आजही लाज वाटते.

"द्राक्षासव कुणी लिहिलं?"

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. मी तोंड उघडलं.
आणि हा माणूस मध्ये!

"म्या सांगितलं तसं लिवायला. वैनींना काय बी ठावं न्हवतं."

साफ खोटं. आणि तेही एवढ्या मोठ्यांदा.

परतीच्या वाटेवर कुणी त्यांच्याशी बोललं नाही. चहाला गाडी थांबली तेव्हा मी त्यांना बाजूला घेऊन भांडले. "मी सांगते आण्णांना. तुम्ही कोण मध्ये बोलणारे?"

"टेन्शन घिऊ नका, वैनी. गप ऱ्हावा. मला धा सोसायट्या हायत. तुमाला घर एकच हाय."

हे त्याच खोट्याचं शेपूट. दहा नव्हत्या. तीन होत्या.
बातमी पसरली आणि महिन्याभरात तिन्ही सुटल्या. मॅटाडोर विकली आणि दत्तूभाऊ परत कांद्याच्या टेम्पोवर गेले.

आणि मी गप्प राहिले. आण्णांच्या दारापर्यंत दोनदा गेले, बेल न वाजवता परत आले. पुढे आण्णा गेले, सासूबाईही गेल्या. ज्यांची भीती होती ते कुणीच उरलं नाही, तरी मी सांगितलं नाही. गप्प बसायची सवय लागते.

दत्तूभाऊंपाशी विषय काढला की म्हणायचे, "यंदा द्राक्षं लई आंबट हायत."
असा राग यायचा! साधी माफीसुद्धा मागू दिली नाही या माणसाने.

काल त्यांच्या घरी भेटायला गेले होते. जुन्या सोसायटीतले एक काका आले होते. दत्तूभाऊंच्या मुलीसमोर, सुनीतासमोर म्हणाले, "माणूस चांगला होता हो. फक्त एकदा आम्हाला फसवलं त्यानं."

सुनीताने मान खाली घातली. तिला खरं माहीतच नाही. स्वतःच्या घरीसुद्धा सांगितलं नव्हतं त्यांनी!

आणि मी? तिथेही गप्प बसले. हात जोडले आणि घरी आले. रात्रभर स्वतःलाच शिव्या घालत होते.

म्हणून आता इथे, सगळ्यांसमोर.

सुनीता, द्राक्षासव हा शब्द माझा. नोटीस माझी. आण्णांची माळ माझ्यामुळे उतरली. तुझ्या बाबांनी मला सरळ वाइन लिहायला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. त्यांनी कुणालाही फसवलेलं नाही.

जुन्या बिल्डिंगमधले जे जे सापडले त्यांना टॅग केलंय. त्या काकांनाही. आणि उद्या तुझ्या घरी येऊन तोंडानेही सांगणार आहे, मग तू मला काय म्हणायचं ते म्हण.

नमस्कार करते, दत्तूभाऊ.
या वेळी मध्ये बोलू नका.